फाटलेला आवाज आणि जवारी

गेल्या पावसाळ्यात माझा अँप्लिफायर दुरुस्तीला द्यावा लागला. नवीन पनवेलच्या हवेत जून ते सप्टेंबर लाकूड फुगते, पुस्तकांच्या कडांना बुरशी धरते आणि धातूच्या प्रत्येक जोडावर ओलीचा पातळ थर बसतो. आवाजाचा खटका फिरवला की कर्र असा आवाज येऊ लागला होता. रेल्वेरूळ आणि महामार्ग ओलांडून जुन्या पनवेलमध्ये गेलो. तिथे एका गल्लीत सत्तरी ओलांडलेले एक रेडिओ मेकॅनिक अजून दुकान उघडतात. त्यांनी तो वीस-बावीस किलोचा ठोकळा ठेवून घेतला आणि चार दिवसांनी या म्हणून सांगितले. चौथ्या दिवशी ते मोठ्या समाधानाने म्हणाले, "सर, खरखर गेली. आणि दुसऱ्या बाजूचा आवाज फाटत होता ना, तोही काढून टाकला. त्याचे वेगळे पैसे नकोत."

या वाक्यातला विनोद कळण्यासाठी अँप्लिफायरविषयी थोडे सांगायला हवे. विजेच्या गिटारीला स्वतःचा असा आवाज जवळजवळ नसतो. तारेखालच्या चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात अतिक्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो, आणि त्याचा स्वर होतो तो अँप्लिफायरमध्ये. माझ्या अँप्लिफायरमध्ये हे काम ट्रान्झिस्टर करत नाहीत. जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह करतात. त्याला दोन चॅनेल आहेत. पहिल्यात आवाज स्वच्छ राहतो. दुसऱ्यात तोच प्रवाह एकापाठोपाठ एक अशा अनेक व्हॉल्व्हमधून मुद्दाम इतका वाढवला जातो, की पुढचा व्हॉल्व्ह तो पेलू शकत नाही आणि लहरीचे माथे सपाट कापले जातात. कानाला तो आवाज भरड, दाट, लांबत जाणारा लागतो. पायाखालचा एक खटका दाबून या चॅनेलवरून त्या चॅनेलवर जायचे, एवढ्यासाठी हे यंत्र घेतलेले असते. काकांनी जो दोष विनामूल्य काढून टाकला, त्याच दोषाचे मी पैसे मोजले होते.

त्यांनी नेमके काय केले हेही पाहण्यासारखे आहे. या यंत्रात आरंभी ईसीसी ८३ या जातीचे चार लहान व्हॉल्व्ह आहेत. अमेरिकेत यालाच बारा एएक्स सात म्हणतात. या व्हॉल्व्हचा वर्धनांक शंभर. याच घराण्यातला ईसीसी ८२ हा व्हॉल्व्ह दिसायला तसाच, त्याचे नऊ पायही त्याच जागी, पण त्याचा वर्धनांक अवघा सतरा ते वीस. दुसऱ्या चॅनेलसाठी राबणारे दोन ईसीसी ८३ काढून काकांनी स्वतःच्या जुन्या साठ्यातले दोन ईसीसी ८२ बसवले होते. ऑसिलोस्कोपच्या हिरव्या पडद्यावर त्यांनी मला गोलाईदार लहर दाखवली. "आधी हिचं डोकं कापलेलं येत होतं," ते म्हणाले. दुरुस्ती अचूक होती. एखाद्या कवितेतले सगळे व्याकरणदोष दुरुस्त करून द्यावेत, तितकी अचूक.

मी हसलो, आणि घरी आल्यावर हसल्याचे वाईट वाटले. काका अडाणी नव्हते. ते एका परंपरेचे शिस्तीत वाढलेले प्रतिनिधी होते, आणि त्या परंपरेचा इतिहास आपण मराठीत लिहिलेला नाही. ग्रामोफोनवर, आकाशवाणीवर, नाट्यसंगीताच्या तबकड्यांवर आपल्याकडे प्रेमाने लिहिले गेले आहे. आवाज 'वाढवणे' ही क्रिया मात्र आपण निव्वळ तांत्रिक समजून मेकॅनिकवर सोडून दिली. माझे म्हणणे असे, की आवाज कुठवर वाढवायचा आणि वाढवताना त्यातले काय दोष मानायचे, हे ठरवणे हा अभिरुचीचाच भाग आहे. आणि आपल्या प्रदेशात तो निर्णय फार पूर्वी, एका विशिष्ट कारणासाठी घेतला गेला.

ते कारण म्हणजे शब्द. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. व्हॉल्व्हने वाढवलेला आवाज मुंबई इलाख्यात नियमितपणे घरात येऊ लागला तो तेव्हापासून, अर्थात मूठभर घरांत. सामान्य माणसाला तो भेटला सभेत. मुंबईच्या 'शिकागो रेडिओ' या मोटवाने कुटुंबाच्या कंपनीने १९३० च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि गांधीजींच्या सभांना कर्णे पुरवले. गांधी, नेहरू, पटेल यांच्या सभांच्या छायाचित्रांत ध्वनिक्षेपकावर हे नाव आजही वाचता येते. नाव शिकागोचे, कुटुंब सिंधमधून आलेले, कर्मभूमी मुंबई. गांधीजींचा आवाज मुळात बारीक. मैदानाच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला त्यातला शब्द न् शब्द कळला पाहिजे, ही त्या अँप्लिफायरची कसोटी. आवाज फाटला की 'स' आणि 'श' यांतला फरक जातो, व्यंजने एकमेकांत मिसळतात आणि भाषण वाया जाते. अशा कामात फाटलेला आवाज ही नामुष्कीच होती.

हीच कसोटी पुढे रेडिओसंचांना लागली. ठाण्यात मर्फीचा कारखाना होता. बंगळूरला १९५४ साली स्थापन झालेली भारत इलेक्ट्रॉनिक्स पुढे व्हॉल्व्ह बनवू लागली. गावोगाव रेडिओ दुरुस्तीची दुकाने निघाली. बातम्या, श्रुतिका, कीर्तन, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, जे काही येई ते मुख्यतः बोललेले किंवा शब्दप्रधान गायलेले असे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येई ती दोनच प्रकारची, आवाज येत नाही किंवा आवाज फाटतो. काका ज्या दुकानात उमेदवारी करत होते, तिथल्या उस्तादांनी त्यांना शिकवले होते, की आवाज बारीक झाला तर गिऱ्हाईक थांबेल, फाटला तर परत येणार नाही. पन्नास वर्षे ज्यांनी हा धर्म पाळला, त्यांच्यापुढे मी एक यंत्र ठेवले आणि ते पाप करण्यासाठीच बनवले आहे, हे सांगायला विसरलो.

गंमत अशी, की तिकडेही आरंभ याच धर्माने झाला होता. 'चॅनेल' या शब्दाचा आजचा अर्थ मुळात नव्हताच. अमेरिकेतल्या १९४० आणि ५० च्या दशकांतल्या अँप्लिफायरवर दोन-तीन चॅनेल असत ते दोन-तीन माणसांसाठी. एकात गिटार, दुसऱ्यात गाणाऱ्याचा ध्वनिक्षेपक किंवा अकॉर्डियन. एका टांग्यात तीन प्रवासी बसावेत तसे. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी अँप्लिफायर बनवायला घेतले तेव्हा त्यांचाही आटापिटा आवाज जास्तीत जास्त स्वच्छ राहावा यासाठी होता. लिओ फेंडर स्वतः रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून वर आले होते, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पनवेलचे काका आणि फुलर्टनचे फेंडर हे व्यवसायबंधू.

फाटणे आले ते अपघाताने. १९५१ साली मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत 'रॉकेट एटी-एट' या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. त्या वेळी गिटारवादक विली किझार्ट यांचा अँप्लिफायर प्रवासात दुखावला होता. स्पीकरच्या फाटक्या कागदात आणखी कागद कोंबून काम भागवले, आणि जो घरघरता आवाज आला तो फिलिप्स यांनी तसाच राहू दिला. १९५८ मध्ये लिंक रे यांनी 'रंबल'साठी स्पीकरला मुद्दाम भोके पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स या वाद्यवृंदातल्या डेव्ह डेव्हिस यांनी स्पीकर पात्याने चिरला. तेरा वर्षांत अपघाताची युक्ती झाली होती. तिचे व्याकरण अजून व्हायचे होते.

ते झाले लंडनच्या हॅनवेल भागातल्या जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात. १९६२ च्या सुमारास मार्शल यांच्या माणसांनी फेंडरच्या बासमन या अँप्लिफायरची रचना समोर ठेवून इंग्लंडात मिळणाऱ्या सुट्या भागांतून स्वतःचा अँप्लिफायर जुळवला. भाग बदलले तसा स्वभाव बदलला. वाढवत नेले की हे यंत्र मूळ यंत्राहून लवकर आणि अधिक गोड फाटत असे. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रण करताना एरिक क्लॅप्टन यांनी स्टुडिओची रीत मोडून असाच एक मार्शल मोठ्या आवाजात वाजवण्याचा हट्ट धरला. त्या तबकडीनंतर फाटलेला आवाज हा दोष आहे, असे गिटारवादकांपुरते तरी कोणी म्हटले नाही. मात्र एक अडचण उरली. फाटण्यासाठी यंत्र पूर्ण वाढवावे लागे, आणि एकदा वाढवले की स्वच्छ आवाज मिळत नसे. कॅलिफोर्नियाच्या रँडल स्मिथ यांनी मेसा बूगी या अँप्लिफायरमध्ये आरंभीच्याच टप्प्यात व्हॉल्व्हची साखळी लावून फाटणे आणि मोठा आवाज यांची फारकत केली. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस पायाच्या खटक्याने एका स्वभावातून दुसऱ्या स्वभावात जाण्याची सोय आली. तेव्हापासून चॅनेल म्हणजे तीन माणसांसाठीच्या तीन जागा राहिल्या नाहीत. एकाच माणसाचे दोन आवाज झाले.

इथे मराठीच्या विद्यार्थ्याच्या मनात १९७२ हे साल आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आल्याशिवाय राहणार नाही. माझ्याही आले. पण ही तुलना मला शेवटी चुकीची वाटते, म्हणून ती इथेच सोडतो. फाटलेला आवाज हा कोणत्या तरी स्वच्छ आवाजाचाच फाटलेला असतो. ढसाळांची भाषा ही प्रमाण मराठीची वाढवून फाडलेली आवृत्ती नव्हती. ती आधीपासून बोलली जात होती, फक्त छापली जात नव्हती. वर्गात असे दाखले टाळ्या मिळवतात आणि विद्यार्थ्यांची दिशाभूल करतात.

मुंबईतल्या विजेच्या गिटारीचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे दोनच गोष्टी सांगतो. हिंदी चित्रपटसंगीतात ही गिटार आली ती प्रामुख्याने गाण्याची जागा घेणारे वाद्य म्हणून. व्हॅन शिपली, हजारा सिंग यांच्या तबकड्यांत गिटार चाल 'गाते', आणि गाणाऱ्याचा आवाज फाटून चालत नाही. १९७१ च्या 'दम मारो दम'मध्ये भूपिंदर सिंग यांची गिटार कानावर येईपर्यंत सर्वसामान्य श्रोत्याच्या लेखी या वाद्याचे काम गोडवा पुरवणे हेच होते. दुसरी गोष्ट आयातनिर्बंधांची. परदेशी अँप्लिफायर मिळणे दुरापास्त असल्याने सिमला बीट स्पर्धेत उतरणाऱ्या तरुण वाद्यवृंदांच्या पिढीला स्थानिक यंत्रांवर आणि स्थानिक कारागिरांवर भिस्त ठेवावी लागे. त्या स्पर्धांच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्या आज ऐकल्या, की त्यांतला भरड आवाज मला विलायती नमुन्याहून वेगळा, अधिक कोरडा वाटतो. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे भाग मिळत; पण मागणारा गिटारवादक आणि देणारा मेकॅनिक यांच्यात मी अनुभवलेला गैरसमज तेव्हाही किती वेळा झाला असेल, याची कल्पना करता येते.

मी दुसऱ्यांदा काकांकडे गेलो तो समजावून सांगायला. अँप्लिफायरची भाषा उपयोगाची नव्हती, म्हणून तंबोऱ्याची वापरली. तंबोऱ्याची तार घोडीवर एका बिंदूवर टेकत नाही. घोडीचा माथा किंचित गोलाई दिलेला, रुंद असतो. तार कंप पावताना त्या गोलाईला वारंवार घासते, आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून ते घासणे नेमके कुठे आणि किती व्हावे हे साधले जाते. यालाच जवारी म्हणतात. जवारी नसलेला तंबोरा नुसता टणत्कार करतो. जवारी लागली की त्याच तारेतून उपस्वरांचा झोत बाहेर पडतो. मिरजेच्या शिकलगार घराण्याने, म्हणजे मुळात शस्त्रांना धार लावणाऱ्या लोकांनी, पटवर्धनांच्या संस्थानात एकोणिसाव्या शतकात ही कला उभी केली. फरीदसाहेबांचे नाव त्यात अग्रभागी घेतले जाते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना या घोडीची विशेष दखल घेतली होती. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्यांचा कंपशून्य बिंदू येतो ते उपस्वर निघू नयेत, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम. तंबोऱ्यात ते निघतात, हे त्यांनी दाखवले. घोडीचे घासणे त्या नियमाला बगल देते. शुद्ध तारेच्या दृष्टीने पाहिले तर जवारी हा घोडीचा दोष आहे. तो कानशीने घडवलेला, धाग्याने नेमका केलेला आणि गवयाने डोळे मिटून तपासलेला दोष आहे.

माझा दाखला ऐकून काका गप्प बसले. मग म्हणाले, "जवारी लागलेला तंबोरा बोलतो, सर. तुमचं हे फाटतं."

हा आक्षेप मी बरेच दिवस मनात घोळवला, कारण तो बरोबर आहे. जवारीत प्रत्येक तार स्वतंत्रपणे घासते, आणि तारेतून निघतात ते तिचेच उपस्वर. व्हॉल्व्ह मात्र सहा तारांचा एकत्रित प्रवाह एकदम कापतो. त्यामुळे दोन स्वर एकत्र वाजले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे, कोणी न छेडलेले स्वरही निर्माण होतात. छेडलेल्या स्वरांचे नाते साधे नसेल तर हे उपरे स्वर एकमेकांशी भांडतात, आणि त्यालाच आपण गोंगाट म्हणतो. म्हणून फाटलेल्या चॅनेलवर वाजवणारे गिटारवादक भरगच्च स्वरमेळ टाळतात आणि बहुधा दोनच स्वर धरतात. ते दोन स्वर कोणते? षड्ज आणि पंचम. जोडीला फार तर वरचा षड्ज. गिटारच्या समविभाजित पडद्यांवर पंचम अवघा दोन सेंट उणा, म्हणजे जवळजवळ शुद्ध असतो, तर गंधार सुमारे चौदा सेंट चढा. त्यामुळे पंचम टिकतो, गंधार खटकतो.

आता यातला हिशेब पाहावा. षड्ज-पंचमाचे प्रमाण दोनास तीन. वजाबाकी एक, म्हणजे खालचा षड्ज, खर्ज. बेरीज पाच, म्हणजे वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. कोणीही न छेडलेला खर्ज आणि कोणीही न छेडलेला गंधार व्हॉल्व्हमधून उमटतात. तंबोरा जुळवणाऱ्या कोणालाही हा गंधार ओळखीचा आहे. खर्जाची तार नीट लागली आणि जवारी साधली, की तिच्यातून जो आपोआप ऐकू येतो, तो स्वयंभू गंधार हाच, पाचवा उपस्वर. मार्ग वेगळे आहेत, काकांचा भेद खरा आहे. पण मिरजेचा तंबोरा आणि मार्शलचा फाटलेला आवाज हे दोन्ही षड्ज-पंचमाच्या जोडीवर उभे राहतात आणि दोन्ही एकाच न वाजवलेल्या स्वराकडे नेतात. हे मला एखाद्या ग्रंथात सापडले असते तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता. दोन्ही वाद्ये लागोपाठ ऐकूनच ठेवला.

स्वच्छतेचा हा धर्म आपल्याकडे सर्वत्र पाळला गेला असेही नाही, आणि त्याचा अपवाद माझ्या खिडकीतूनच ऐकू येतो. सिडकोचे शहर ज्या गावांच्या जमिनीवर वसले, त्या आगरी-कोळी गावांत हळदीच्या रात्री बेंजो वाजतो. हा बेंजो म्हणजे अमेरिकेतला बँजो नव्हे. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी बनवलेल्या तैशोगोतो या कळीच्या वाद्याचा तो भारतीय अवतार, म्हणजेच बुलबुलतरंग. त्याला कोणा अनाम कारागिराने गिटारीसारखे चुंबक बसवले आणि तो अँप्लिफायरला जोडला. कर्णे आणि ढोल-ताशे यांच्याशी झुंजताना बेंजोचा आवाज पार कडेलोटाला जातो, टोकदार होतो, फाटतो. आणि वाजवणारा तो खाली आणत नाही. नाचणाऱ्यांना तोच हवा असतो. गिरणगावच्या गणेशोत्सवांतून कोकणपट्टीपर्यंत पसरलेल्या या वादकांनी क्लॅप्टन यांचे नाव न ऐकता तोच निर्णय स्वतंत्रपणे घेतला. रवी जाधव यांच्या २०१६ च्या 'बँजो' या चित्रपटामुळे हे वाद्य थोडेफार चर्चेत आले, तेवढेच. आपल्या संगीतसमीक्षेने बेंजोचा विचार केला तो बहुतेक ध्वनिप्रदूषणाच्या सदरात.

तो विचारही टाळता येत नाही, कारण त्याच कायद्याखाली मीही येतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. माझा अँप्लिफायर पूर्ण वाढवला तर मीटरभर अंतरावर शंभराच्या पुढे सहज जाईल. सिडकोच्या इमारतीत, जिथे शेजाऱ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, तिथे असे यंत्र बाळगणे म्हणजे टोलेजंग तलवार स्वयंपाकघरात भाजी चिरायला वापरणे. तरी वापरता येते. अंतिम आवाजाचा खटका अगदी खाली ठेवायचा आणि फाटणे आरंभीच्या टप्प्यावर मिळवायचे, हीच रँडल स्मिथ यांची देणगी.

यंत्र जुळवणे हे मात्र जवारी लावण्याइतकेच चिकाटीचे काम आहे. तळ, मध्य आणि उंच स्वरांचे तीन खटके एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एक फिरवला की बाकीच्या दोघांचा अर्थ बदलतो. तिन्ही मध्यावर ठेवले म्हणजे आवाज समतोल झाला, हा नवख्याचा भ्रम. या रचनेत सगळे मध्यावर ठेवल्यास मधले स्वर चक्क खचतात, आणि एकट्याने वाजवताना गोड लागलेला आवाज चार जणांत हरवून जातो. दोन्ही चॅनेलची पातळी जुळवणे त्याहून कठीण. फाटलेला आवाज दबून एकसारखा होतो, म्हणून तो कमी असूनही मोठा भासतो. स्वच्छ चॅनेल त्याच्या शेजारी केविलवाणा वाटतो. मी आधी स्वच्छ चॅनेल नीट लावून घेतो, मग दुसरा त्याच्या मापाने कमी करत आणतो. फाटण्याचे प्रमाणही मला वाटते त्यापेक्षा नेहमी थोडे कमीच ठेवावे लागते. सतारीत खुली जवारी आणि बंद जवारी असा भेद आहे, रविशंकरांची खुली, विलायत खाँची बंद; माझी आवड वयाबरोबर बंद जवारीकडे सरकली आहे.

देखभालीचे नियम थोडे आणि कडक आहेत. स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र सुरू करायचे नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आत चारशे व्होल्टपर्यंत दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो. जाणकाराशिवाय मागचे फळकूट उघडायचे नाही. मोठे व्हॉल्व्ह जोडीने बदलायचे आणि बदलल्यावर त्यांचा बायस तपासून घ्यायचा. लहान व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे टिकतात, पण एखादा 'बोलका' होतो. पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली तर स्पीकरमधून घंटेसारखा नाद येतो, तो बदलायचा. प्रश्न असतो तो आणायचा कुठून. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह आता जुन्या साठ्यातच मिळतात. गिटारवादकांसाठी नवे व्हॉल्व्ह बनतात ते मुख्यतः रशियातल्या साराटोव्हमध्ये, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये. मार्च २०२२ मध्ये युद्धामुळे रशियाची निर्यात अडली तेव्हा जगभरच्या वादकांनी मिळेल त्या किमतीत साठा केला होता. पनवेलचा हार्बर मार्ग १९९८ साली सुरू झाल्यापासून लॅमिंग्टन रोड तसा जवळ आला आहे, पण तिथे विचारले तर आता बहुतेक दुकानदार मान हलवतात.

काकांच्या खणात मात्र वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळलेले शे-दीडशे व्हॉल्व्ह आहेत. मर्फीच्या मोठ्या संचांतले काही ईएल ८४ त्यांत दिसले. व्हॉक्सच्या प्रसिद्ध अँप्लिफायरमध्ये असतात तेच. एका पेटीने सकाळी बातम्या दिल्या, दुसरीने बीटल्सची गिटार वाढवली. आतला व्हॉल्व्ह एकाच जातीचा. मी तसे सांगितल्यावर काकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत गुंडाळून ठेवला. दुकान किती दिवस चालवणार, असे मी विचारले नाही. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो, आणि या खणाचे काय करायचे हे त्याला ठाऊक नाही.

त्यांनी माझे दोन्ही ईसीसी ८३ परत बसवून दिले. दुसऱ्या चॅनेलवर एक स्वर वाजवून मी तो लांबू दिला. काका ऑसिलोस्कोपकडे न पाहता स्पीकरकडे कान करून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "माझ्याकडून असं काम करून घेतलंत, हे बाहेर सांगू नका."

घरी आल्यावर महिनाभराने मी त्यातला एक ईसीसी ८३ पुन्हा काढला आणि त्यांनी दिलेला ईसीसी ८२ तिथे घातला. घरातल्या लहान आवाजाला वर्धन कमी लागते. पूर्वी फाटण्याचा खटका दोनच्या पुढे नेता येत नव्हता, आता तो पाचपर्यंत जातो आणि मधल्या सगळ्या छटा हाताला लागतात. दुसरा ईसीसी ८२ त्यांच्याच वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून पुस्तकांच्या कपाटात ठेवला आहे.